उमऱ्याच्या गोळ्या

माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, 'नोकरी करण्यास मनाई' असा शिक्का होता. त्यामुळे जेद्दाच्या शराफिया वस्तीतल्या त्या पॉलिक्लिनिकमध्ये मी नोकरी करत नव्हते, 'मदत' करत होते. बायकांच्या विभागात, पडद्याच्या अलीकडे, एका लोखंडी टेबलाशी बसून मी येणाऱ्या बायकांना काय होतंय ते विचारायचे आणि चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून चिठ्ठी आत डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचे. मला मराठी, उर्दू, इंग्रजी आणि कामापुरती अरबी येत होती. शराफियातल्या बायकांची बहुतेक दुखणी एवढ्यात कागदावर उतरतात.

कुवेतवरून लढाई सुरू झाली त्या जानेवारीत आमच्याकडे झुंबड उडाली. रियाध आणि दम्मामवर क्षेपणास्त्रं पडत होती. तिकडची भारतीय कुटुंबं मुलाबाळांसह जेद्दात नातेवाइकांकडे आली होती. एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन संसार, न्हाणीघरासमोर रांग, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: आलोच आहोत तर उमरा करून घेऊ. मक्का इथून तासाभरावर. पण पाळी चालू असताना काबागृहाभोवती फेरे घालता येत नाहीत. म्हणून बायका आमच्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला यायच्या. त्यात तपासण्यासारखं काही नसायचं. तेव्हा मी एक सोय केली. क्लिनिक उघडायच्या आधीच चिठ्ठ्यांचा गठ्ठा लिहून ठेवायचा: 'उमरा. पाळी पुढे ढकलणे.' बाई आली की फक्त नाव भरायचं. वयाचा रकाना मी कोरा सोडायचे, कारण वय विचारलं की बायका आधी हसतात, मग शेजारणीशी हिशेब लावतात, आणि रांग दारापर्यंत जाते. डॉक्टरीणबाई मान वर न करता सही करायच्या. मला माझ्या सोयीचा अभिमान होता.

अभिमान वाटण्याचं कारण असं की मी कागदांमध्येच वाढले. महाड तालुक्यातल्या आमच्या घरात अब्बांचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. ते शाळामास्तर, पण खरा जीव पत्रकं काढण्यात. पाण्यावर हक्क कोणाचा, तलाक कसा नसावा, धरणात गाव गेलं तर घर कोण देणार. मी चौथीत असल्यापासून पत्रकांच्या घड्या घालत आले. अब्बा सांगायचे, कुठलाही कागद हातात आला की दोन गोष्टी बघ: तो कोणी लिहिला, आणि त्यात काय लिहायचं टाळलंय. त्या शिकवणीने मी सगळ्यांवरच संशय घ्यायला शिकले. लग्न करून जेद्दाच्या विमानतळावर उतरले तेव्हा तिथल्या माणसाने माझ्या बॅगेतली दोन पुस्तकं आणि अब्बांची पत्रकं काढून घेतली, ती परत मिळाली नाहीत. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं आणि डोळे उघडे ठेवले. लढाईतल्या बातम्या खोट्या आहेत असं धरूनच मी रेडिओ ऐकायचे. टेलिफोनवर घरच्यांशी बोलताना तिसरं कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. शेजारीण साखर मागायला आली तरी मी तिच्या डोळ्यांत काय आहे ते बघायचे.

माझा नवरा माझ्या खालेचा मुलगा. म्हणजे खाला माझी मावशी आणि सासूही. ती वीस वर्षं जेद्दात होती, वय सत्तावन्न, तोंड फटकळ. तिचा धाकटा मुलगा कुवेतमध्ये होता. ऑगस्टात तिथे इराकचं सैन्य घुसलं आणि पाच आठवडे त्याचा पत्ता नव्हता. मग तो वाळवंटातून अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचला. खालेने नवस केला होता: पोर जिवंत घरी पोचला तर उमरा करीन. पोर पोचला, पण नेमकं तेव्हापासून तिच्या अंगावर जायला लागलं होतं. सहा वर्षांपूर्वी बंद झालेलं.

मला हे तिने जानेवारीत सांगितलं, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारत असताना.

"पाळी आलीय गो मला परत. नवस तसाच राहिलाय. तो बगदादवाला काय करील ते करील, त्याच्या आधी माझा उमरा होऊं दे."

"परत आली? या वयात?"

"तरणी झालंय. तुझ्या सासऱ्याला सांगू नको, उगाच खूश होईल."

आम्ही दोघी खिडकीला टेकून हसलो. दुसऱ्या दिवशी मी गठ्ठ्यातली एक चिठ्ठी काढली, तिचं नाव भरलं, सही आणली आणि गोळ्या घरी नेल्या. रक्त थांबलं. खाला उमरा करून आली, येताना जमजमच्या पाण्याचा डबा आणि पायाला फोड घेऊन. गोळ्या संपल्या आणि चौथ्या दिवशी ती न्हाणीघरातून हाका मारायला लागली. या वेळी ते पाळीसारखं नव्हतं.

मी तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या, दखनी बोलायच्या, हुशार होत्या, आणि दमलेल्या होत्या. त्यांनी खालेच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या.

"गोलियों का असर है अम्मा. बंद करे तो खून आताइच है. इस उम्र में ऐसा होता."

"किती दिवस होतं?" मी विचारलं.

"थोडे दिन. खून कम है, लोहे की गोलियां लिख देती हूं."

खाला खाटेवरून उतरलीसुद्धा नव्हती तोवर पुढची बाई आत आली.

त्याच आठवड्यात एक इंग्रज बाई आली होती. शहराबाहेरच्या गोऱ्यांच्या बंदिस्त कंपाउंडमध्ये राहणाऱ्या कुठल्याशा इंजिनियरची बायको. खालेच्याच वयाची. तिची नेहमीची डॉक्टर लढाईच्या भीतीने मायदेशी निघून गेली होती, म्हणून ती आमच्याकडे. तिची चिठ्ठी मला लिहावीच लागली नाही. तिने स्वतःच एक पान टाइप करून आणलं होतं: पाळी कधी गेली, रक्त कधी दिसलं, किती वेळा, आईला कोणता आजार होता. डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा तास तपासलं आणि माझ्यासमोर मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा, त्या म्हणाल्या, उशीर नको.

तेव्हा मी नुसतं ऐकलं. मनात काही जोडलं नाही. हे मी आज लिहिते आहे तेव्हा मला लाज वाटते, कारण मी दिवसभर सगळ्यांवर संशय घेत बसलेली मुलगी होते आणि जिथे घ्यायचा तिथे घेतला नाही.

जोडून दिलं ते आमच्या क्लिनिकमध्ये फरशी पुसणाऱ्या इरिट्रियाच्या बाईने. ती माझ्याशी अरबी आणि हिंदीची खिचडी करून बोलायची. खाला लोहाच्या गोळ्या घेऊन टॅक्सीत बसून गेल्यावर ती फडकं पिळत म्हणाली, "तुझी म्हातारी. तिला टुम लिहिलं का?"

"टुम?"

तिने मूठ वळून ओटीपोटाशी धरली. गाठ.

"नाही. लोह."

"माझ्या बहिणीला गाठ लिहिलं. दुसऱ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाला, तुम्हा काळ्या बायकांना गाठी असतातच, घाबरू नको. एक वर्ष गाठ, गाठ, गाठ. मग खलास." तिने फडकं बादलीत टाकलं. "डॉक्टर आधी हात बघतो. हा." तिने स्वतःच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून दाखवली. "मग कागद."

मला वाटलं, ही डॉक्टरीणबाईंवरचा कसलातरी राग काढतेय. तिच्यावरही मी संशय घेतला. पण दुपारच्या नमाजाला क्लिनिक बंद झालं तेव्हा मी आतून कडी लावली आणि रजिस्टर उघडलं. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या बायका मी शोधत होते. गोऱ्या बायका नावानेच ओळखू येत होत्या आणि त्यांच्यापुढे 'पुढे पाठवले' असं होतं. सुदानी, सोमाली, इरिट्रियन बायकांपुढे 'गाठ, वाट पाहणे'. आमच्यापुढे लोह. आणि मग माझ्या लक्षात आलं की आमच्यातल्या जास्त बायका रजिस्टरात नव्हत्याच. त्या माझ्या गठ्ठ्यात होत्या. सह्या झालेल्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगलेल्या होत्या, शेकड्यांनी, सगळ्यांवर माझं अक्षर, आणि सगळ्यांवर वयाचा रकाना कोरा. त्यात किती जणी पन्नाशीच्या पुढच्या होत्या ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी खालेची चिठ्ठी शोधली. उमरा. पाळी पुढे ढकलणे. सहा वर्षांपूर्वी गेलेली पाळी मी पुढे ढकलली होती.

दुसऱ्या दिवशी शेवटची बाई गेल्यावर मी आत गेले.

"मॅडम, माझ्या खालेला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं आहे."

"किसलिए?"

"अस्तराच्या तुकड्यासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "ये किसने सिखाया तुमको?"

"तुम्हीच. त्या इंग्रज बाईंच्या वेळी."

"उनकी कंपनी का करार है. अपने लोगों का नहीं. और अभी लड़ाई है, खटिये जख्मियों के वास्ते खाली रखे हैं. लड़ाई खतम होने दो."

"जखमी तर अजून एकही आलेला नाही इथे."

"हल्लू बोलो." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "सुनो. गोरी औरत के साथ कुछ उलटा-सीधा हुआ तो शिकायत एम्बसी में जाती. तुम्हारी किधर जाती, बोलो? मेरा भी इकामा है. मेरे भी बच्चे हैं."

मी बाहेर आले. डोक्यात अब्बांच्या पत्रकांतले सगळे शब्द गरगरत होते आणि त्यातला एकही तिथे कामाचा नव्हता. मला त्या बाईंचा तिरस्कार वाटत होता. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो गोदामातून दमून आला होता. तो म्हणाला, "तुला सगळीकडे कट दिसतो. डॉक्टर म्हणतेय गोळ्यांचा असर, तर असेल." मग थोड्या वेळाने, भात अर्धा टाकून, "अम्मीला खरंच काही झालंय का?" मी म्हटलं, हेच तर बघायचं आहे. खाला आतल्या खोलीतून ओरडली, "माझ्या पोटाची मजलिस भरवलंय काय रे तिथे? मी मेले नाय अजून, मला विचारा." आम्ही विचारलं. ती म्हणाली, "बघा काय बघायचं ते. कपडे धुवून हात सोलले माझे."

इंग्रज बाई परत आली ती पंधरा दिवसांनी, हॉस्पिटलचा कागद घेऊन. तुकडा काढला होता, तपासायला लंडनला पाठवला होता, कंपनीच्या टपालातून उत्तरही आलं होतं. कॅन्सर. लवकरचा. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. म्हणजे खाट होती. तिने मला माझ्या मदतीबद्दल चॉकलेटचा डबा दिला. तिच्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते मी लिहीत नाही. तिने माझं काही वाईट केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी क्लिनिकच्या टंकयंत्रावर बसले आणि तिच्यासारखंच एक पान तयार केलं. वय सत्तावन्न. पाळी जाऊन सहा वर्षं. सप्टेंबरपासून रक्त, आधी डाग, मग गुठळ्या. मध्ये तीन आठवडे हार्मोनच्या गोळ्या, तेवढ्यापुरतं थांबलं. लोहाने फरक नाही. वजन कमी. मी काहीही खोटं लिहिलं नाही. फक्त नाव आणि देश लिहिला नाही. सकाळी तो कागद मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवला आणि खालेला बाकावर बसवलं.

त्यांनी वाचायला घेतला. मी दारात उभी होते. त्यांनी एकदा वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

"ये कौन है? कंपाउंड की है?"

"काय करायला हवं यांचं?"

"करना क्या है, टुकड़ा लेना, और क्या. सप्टेंबर से! किसने बिठा के रखा इनको? फोन लगाओ अभी के अभी."

मी पडदा बाजूला केला. खाला काळ्या अबायात, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने मान लववली.

"सलाम आलेकुम, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या मला हाकलतील, क्लिनिकच्या मालकाला सांगतील, ज्याच्या व्हिसावर नवरा इथे होता त्या कफीलपर्यंत गोष्ट जाईल. मी त्यासाठी तयार होऊन उभी होते. वाक्यंही तयार होती. त्यांनी नुसता फोन ओढला. पलीकडच्या माणसाने बहुतेक देश विचारला, कारण त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेरी खाला है."

ते त्या का म्हणाल्या हे मला आजही ठरवता आलेलं नाही. लाज वाटून, की माझं तोंड बंद करायला, की तेवढं एकच वाक्य तिथे चालत होतं म्हणून. मी त्यांचे आभार मानले नाहीत.

चार दिवसांत खाट मिळाली. तुकडा काढला. पण आमच्यामागे कंपनीचं टपाल नव्हतं, आणि मालवाहू विमानं लढाईच्या सामानात गुंतली होती. उत्तराला सहा आठवडे लागले. तोवर लढाई संपून गेली होती, दम्मामवाले सामान बांधून परत जात होते, रस्त्यात गाड्यांचे भोंगे वाजत होते. कागदात लिहिलं होतं ते इंग्रज बाईच्या कागदात होतं तेच, फक्त 'लवकरचा' हा शब्द नव्हता.

शस्त्रक्रिया मुंबईला करायची ठरलं. कफीलकडून जाण्यायेण्याचा कागद मिळायला आणखी दिवस गेले. मी खालेबरोबर आले. सरकारी हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने कागद चाळले.

"या गोळ्या कोणी दिल्या यांना? तपासल्याशिवाय?"

मी तोंड उघडलं. खाला माझ्या आधी बोलली.

"मीच मागितल्या. उमऱ्याला जायचं होतं. ह्या पोरीला कायपण माहीत नव्हतं."

"चिठ्ठी मी लिहिली," मी म्हटलं.

डॉक्टरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या मागे पन्नास माणसं उभी होती. "आता त्याचा काय उपयोग," तो म्हणाला आणि भरतीच्या फॉर्मवर सही केली. मी त्याला विचारलं, जानेवारीत आलो असतो तर? तो म्हणाला, असं सांगता येत नाही. डॉक्टर हे उत्तर खरं म्हणून देतात की दया म्हणून, मला कळत नाही. मी दोन्ही धरून चालते.

गर्भाशय काढलं, पण आजार भिंतीतून पलीकडे ग्रंथींपर्यंत गेला होता. पुढे किरणांचे उपचार झाले. खाला त्यानंतर सोळा महिने जगली. त्यातले दहा चांगले होते. जेद्दाला ती परत गेली नाही.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने, एका दुपारी, वॉर्डात तिच्या खाटेजवळ मी मोसंबी सोलत बसले होते. ती छताकडे बघत होती. एकदम म्हणाली, "ती गोरी बाई गो. तुमच्या दवाखान्यातली. तिचं काय झालं?"

तिला हे मी कधीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं असणार. मी निघायच्या आठवड्यात ती बाई क्लिनिकमध्ये आली होती, उन्हाने लाल झालेली, हसरी. सगळं आतल्या आतच होतं, पसरलं नव्हतं, किरणांचीसुद्धा गरज नाही म्हणाले, असं तिने आम्हाला सांगितलं होतं.

खोटं बोलायचं मनात आलं. पण मी म्हटलं, "बरी झाली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरा झाला गो," खाला म्हणाली. "पोरं हायत काय तिला?"

"माहीत नाही."

"विचारायचंस तरी."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खाला टोमणे मारण्यात पटाईत होती; एका शब्दात माणसाला आडवं करायची. मी टोमणा शोधत होते, ओठांच्या कडेला, डोळ्यांत, आवाजात. तो कुठेच नव्हता. ती खरोखरच त्या बाईसाठी खूश झाली होती, आणि आता मोसंबीच्या फोडीसाठी हात पुढे करत होती. मी फोड दिली. मला तो टोमणा हवा होता.